विम्याला अस्तर हवे : वडीलधाऱ्यांच्या दवाखान्याचा हिशेब

कापडाची पेढी का बुडते, याची तीन कारणे आपल्या बाजारात कोणीही सांगेल. उधारी अडकली, भागीदारांत बिनसले, किंवा गोदाम भरलेले असताना भाव पडला. चौथे कारण मात्र कोणी मोठ्याने बोलत नाही. घरातील बुजुर्ग आजारी पडले आणि पेढीचे खेळते भांडवल दवाखान्यात गेले. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, कुठेही जा. चार माग विकले, दागिने गहाण पडले, सुताच्या व्यापाऱ्याचे पैसे थकले आणि बाजारातली पत गेली, अशी घरे प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील.

आईवडिलांच्या इलाजासाठी मुलाने पैसा लावावा, हे त्याचे कर्तव्यच आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती तयारी नसण्याची. सरकारी नोकराला त्याच्या खात्याची योजना असते. मोठ्या कंपनीतल्या माणसाला कंपनीचा गटविमा असतो. आपण दुकानदार, मागवाले, शिंपी, रंगारी, जरीवाले. आपला मालक कोणी नाही, म्हणून आपल्या म्हातारपणाची काळजी घेणाराही दुसरा कोणी नाही.

ताग्यांचा विमा आहे, वडिलांचा नाही

आपले लोक विम्याला अनोळखी आहेत असे नाही. बँकेकडून कॅश क्रेडिट घेतले की बँक गोदामातल्या मालाचा विमा मागते, आणि आपण तो निमूटपणे काढतो. सुरत किंवा भिलवाड्याकडे ट्रक निघाला की वाहतुकीतल्या मालाचा विमा होतो. वर्षभर आग लागली नाही, तर हप्ता वाया गेला असे कोणी म्हणत नाही. तोच व्यापारी घरच्या विम्याचा विषय निघाला की म्हणतो, "आजारी पडलो नाही तर पैसे बुडाले." तागा जळाला तर दुसरा विणता येतो. हा हिशेब उलटा आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरे उत्तर असते, "माझा पैसा धंद्यात आहे, तोच माझा विमा." धंद्यातला पैसा म्हणजे काय? निम्मा उधारीत, पाव मालात, राहिलेला मशिनरीत. रात्री दोन वाजता इस्पितळाच्या काउंटरवर यातले काहीच चालत नाही. तेथे लागते रोख रक्कम किंवा कॅशलेसची मंजुरी. घाईत माल फुंकला तर भाव पडून मिळतो, व्याजाने पैसा घेतला तर वर्षानुवर्षे फेडावा लागतो.

जुनी पॉलिसी आता तोकडी पडते

मेडिक्लेम ही पॉलिसी आपल्या देशात १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणली. २००० सालापासून खाजगी कंपन्याही आल्या. आपल्यापैकी ज्यांच्या घरी विमा आहे, त्यातल्या अनेकांची पॉलिसी जुनी आहे. एक, दोन, फार तर तीन लाखांची. वडिलांनी सुरू केली, मुलगा दरवर्षी हप्ता भरतो, कागद उघडून कोणी पाहत नाही. ज्या वर्षी ती घेतली त्या वर्षी रक्कम मोठी होती. आज मोठ्या शहरातल्या खाजगी इस्पितळात बायपास किंवा दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन एक-दोन लाखांत भागत नाही.

मग मोठी पॉलिसी घ्यावी म्हटले, तर सत्तरीतल्या माणसाचा दहा लाखांचा हप्ता ऐकून माणूस खुर्चीत बसतो. इथेच पूरक विम्याचा विषय येतो. शेरवानीला अस्तर लावतात. अस्तर म्हणजे दुसरी शेरवानी नव्हे. ते स्वस्त असते, दिसत नाही, पण त्याने कपडा टिकतो. तसेच मूळ पॉलिसी आहे तशी ठेवायची आणि तिला पूरक विम्याचे अस्तर लावायचे.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यातला फरक

पूरक विम्याचा मुख्य प्रकार म्हणजे टॉप-अप. एका ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च ही पॉलिसी देत नाही. त्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. त्याच्या वरचा खर्च ती देते. लहानसहान क्लेम कंपनीकडे येतच नाहीत, म्हणून हप्ता मूळ पॉलिसीच्या मानाने पुष्कळ कमी पडतो.

परंतु यातही दोन प्रकार आहेत, आणि नावात एकाच शब्दाचा फरक असल्यामुळे लोक फसतात. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक वेळच्या दाखल होण्याला स्वतंत्रपणे लागते. सुपर टॉप-अपमध्ये ते वर्षभराच्या एकूण खर्चाला एकदाच लागते.

समजा, वालिदांची मूळ पॉलिसी तीन लाखांची आहे, आणि वर दहा लाखांची पूरक पॉलिसी आहे, डिडक्टिबल तीन लाख. मोहरमच्या सुमारास ते दाखल झाले, बिल अडीच लाख. सहा महिन्यांनी पुन्हा दाखल झाले, बिल दोन लाख. एकूण साडेचार लाख. मूळ पॉलिसीने तीन लाख दिले आणि ती संपली. राहिले दीड लाख. साधा टॉप-अप असेल तर एक पैसाही मिळणार नाही, कारण दोन्ही बिलांपैकी एकही तीन लाखांच्या वर नाही. सुपर टॉप-अप असेल तर दीड लाख मिळतील, कारण एकूण खर्च तीन लाखांच्या वर गेला आहे. म्हातारपणी आजार एकदाच येऊन जात नाही, तो पुन्हा पुन्हा येतो. म्हणून बुजुर्गांसाठी घ्यायचा तर सुपर टॉप-अपच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिडक्टिबलची रक्कम मूळ पॉलिसीनेच भरली पाहिजे असे नाही, ती खिशातून भरली तरी चालते. म्हणून ज्यांना मूळ पॉलिसी मिळत नाही किंवा परवडत नाही, त्यांनी दोन-तीन लाख धंद्याबाहेर, वेगळ्या खात्यात बाजूला ठेवून त्याच्या वर सुपर टॉप-अप घेता येतो. मात्र ते खाते सुताच्या सौद्यासाठी मोडायचे नाही, ही अट स्वतःला घालून घ्यावी.

अस्तर आणि ठिगळ

पूरक विम्याच्या नावाखाली आणखी दोन चिजा विकल्या जातात. एक हॉस्पिटल कॅश. दाखल असेपर्यंत रोजचे ठरावीक पैसे, मग ते हजार असोत की दोन हजार. दुसरी क्रिटिकल इलनेस, म्हणजे यादीतला एखादा गंभीर आजार निघाला की ठरलेली रक्कम एकदम हातात. दोन्ही वाईट नाहीत. रोजंदारीवरच्या कारागिराला हॉस्पिटल कॅशचा उपयोग होतो, कारण तो किंवा त्याचा मुलगा दवाखान्यात बसला की मजुरी बुडते. परंतु पाच दिवसांचे दहा हजार रुपये तीन लाखांच्या बिलाला ठिगळही होत नाहीत. हप्ता कमी आहे म्हणून हीच पॉलिसी "आरोग्य विमा" म्हणून आईच्या नावावर घेतलेली मी बाजारात पाहिली आहे. घरच्यांना वाटत होते की इस्पितळाचे बिल भरले जाईल. एजंटला सरळ प्रश्न विचारावा : ही पॉलिसी बिल भरते की रोजचे पैसे देते?

आधी सरकारचे, मग आपले

पैसे देऊन विमा घेण्याआधी जे हक्काचे आहे ते पदरात पाडून घ्यावे. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला तिच्यात घेतले आहे. उत्पन्नाची अट नाही. वय आधार कार्डावरून धरतात. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज, आणि घरात सत्तरीच्या वरचे दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. ती २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१७ साली नाव बदलले, आणि २०२४ साली मर्यादा पाच लाख करून सर्व रेशनकार्डधारकांना तिच्यात आणले.

कारागीर बांधवांनी राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआयसी, विसरू नये. या योजनेत दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांतले कामगार येतात. २०१७ साली पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये करण्यात आली. तिच्यात कामगाराच्या अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही इलाज होतो. आणि किमान पाच वर्षे विमा असलेल्या कामगाराला निवृत्तीनंतर वर्षाला अवघ्या १२० रुपयांत स्वतःचा व पत्नीचा इलाज चालू ठेवता येतो. आपल्यातले काही कारखानदार कामगार कागदावर दाखवत नाहीत. त्यात चार पैसे वाचतात, पण कामगाराच्या आईच्या औषधाचा हक्क मारला जातो, याचा त्यांनी विचार करावा.

मग सरकारी कार्ड असताना विमा कशाला? कारण कार्ड यादीतल्या इस्पितळातच चालते आणि ठरलेल्या पॅकेजच्या दरानेच चालते. तुमच्या गावचे हृदयाचे चांगले इस्पितळ यादीत नसेल, किंवा हवा असलेला इलाज पॅकेजमध्ये बसत नसेल, तर कार्ड खिशातच राहते. म्हणून कार्ड हा पाया, मूळ पॉलिसी ही भिंत, आणि सुपर टॉप-अप हे छप्पर. तिन्ही असतील तर घर पूर्ण. एकच परवडत असेल तर आधी कार्ड, कारण ते फुकट आहे.

कुठे पाय अडकतो

विमा घेऊनही पैसे मिळाले नाहीत, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. काही वेळा कंपनी खरेच अडवणूक करते. पुष्कळ वेळा मात्र कारण कागदातच असते. मुख्य चार जागा सांगतो.

पहिली, लपवलेला आजार. साखर, ब्लडप्रेशर, जुने ऑपरेशन, सगळे फॉर्मवर लिहावे. "लिहू नका, हप्ता वाढेल," असे एजंट म्हणाला तर तो एजंट बदलावा. खोट्या मापाचा तागा विकणारा व्यापारी आणि आजार लपवणारा ग्राहक यांत फरक नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी सलग ६० महिने चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय आजार लपवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. परंतु पहिल्या पाच वर्षांतच क्लेम आला तर?

दुसरी, थांबण्याची मुदत. अपघात सोडून पहिले ३० दिवस काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे बदलणे यांना बहुधा दोन-तीन वर्षे थांबावे लागते. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनीला जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येते. २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. म्हणून आजार आल्यावर विमा शोधणे म्हणजे तेजी आल्यावर सूत घ्यायला निघणे. पन्नाशी-पंचावन्नीत घेतलेली पॉलिसी साठीत कामाला येते.

तिसरी, खोलीचे भाडे. जुन्या पॉलिसींत रोजचे भाडे विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत असते. तीन लाखांवर ते तीन हजार झाले. पाहुणे येतील म्हणून आपण सहा हजारांची खोली घेतो. कंपनी मग नुसते जादा भाडे कापत नाही. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या सोडून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सर्व त्याच प्रमाणात निम्मे होते. दोन लाखांच्या बिलात या खर्चाचे एक लाख वीस हजार असतील, तर साठ हजार खिशातून गेले. इज्जतीची खोली महाग पडते.

चौथी, को-पे. बुजुर्गांच्या अनेक पॉलिसींत प्रत्येक क्लेमचा काही हिस्सा आपण भरायचा असतो. वीस टक्के को-पे असेल तर पाच लाखांच्या बिलात एक लाख तुमचे. हप्ता कमी का आहे, याचे उत्तर बहुधा या ओळीत सापडते.

आणखी एक गोष्ट. म्हाताऱ्या आईवडिलांना मुलाबाळांच्या फ्लोटर पॉलिसीत घालू नये. त्यात हप्ता सर्वांत मोठ्या वयाच्या माणसावरून ठरतो, आणि एकाच्या आजारात सगळ्यांची रक्कम संपते. त्यांची पॉलिसी वेगळी ठेवावी. आणि "आईवडिलांची" म्हणताना आईचे नाव खरोखर आहे का, हे तपासावे. वालिदांचा विमा असतो आणि अम्मीचा राहून जातो, हे आपल्या घरांत सर्रास दिसते.

आता काय सोपे झाले

गेल्या दोन-तीन वर्षांत नियम ग्राहकाच्या बाजूने सरकले आहेत, ते माहीत असावेत. नवीन पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची वयोमर्यादा एप्रिल २०२४ पासून उठली. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि सुटीच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे विमा प्राधिकरणाने २०२४ साली कंपन्यांना बजावले. जानेवारी २०२५ मध्ये असाही आदेश झाला की, ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत व कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. गटविम्याला मात्र ही सूट नाही. युनानी व आयुर्वेदिक इस्पितळात दाखल होऊन घेतलेल्या इलाजालाही एप्रिल २०२४ पासून इतर इलाजांच्या बरोबरीने धरावे, असा आदेश आहे.

आयकराच्या जुन्या पद्धतीने विवरण भरणाऱ्यांना आणखी एक फायदा आहे. साठीच्या वरच्या आईवडिलांच्या विम्याचा ५०,००० रुपयांपर्यंतचा हप्ता वजा होतो, पण तो रोखीने भरला तर वजावट मिळत नाही. विमा नसेल तर त्यांच्या इलाजाचा खर्चही याच मर्यादेत धरता येतो. नव्या करपद्धतीत हे मिळत नाही. मुनीमजींना विचारून घ्यावे.

भाषेचाही प्रश्न आहे. आमच्यासारखे उर्दू माध्यमात शिकलेले लोक बाजारभाव दहा भाषांत समजून घेतील, पण चाळीस पानांचा इंग्रजी कागद पाहिला की सही करून मोकळे होतात. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीबरोबर थोडक्यात माहिती देणारा तक्ता द्यावा लागतो, आणि मागितल्यास तो स्थानिक भाषेत देण्याची तजवीज आहे. तो मागा. हातात आल्यावर आधी चार ओळी पाहा : डिडक्टिबल, थांबण्याची मुदत, खोलीभाडे, को-पे. पसंत नसेल तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

क्लेम चुकीने नाकारला तर रडत बसू नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

जायज-नाजायजचा प्रश्न

हा लेख वाचून अनेक बंधू विचारतील की विमा घेणे दुरुस्त आहे का. या विषयावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत, आणि फतवा देणे हे कापडवाल्याचे काम नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. विचारताना मात्र सर्व तपशील पुढे ठेवावा : ही बचतीची किंवा व्याजाची पॉलिसी नाही, फक्त इलाजाचा खर्च भरणारी आहे. १९८५ साली जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने व्यापारी विम्याला विरोध करताना परस्पर मदतीच्या सहकारी विम्याचा मार्ग दाखवला, आणि मलेशियाने १९८४ सालीच तकाफुलचा कायदा केला होता. ज्यांना कंपनीचा विमा नको, त्यांच्यासाठी सरकारी कार्डाचा मार्ग खुला आहे. शिवाय वेगळ्या खात्यात इलाजाची रक्कम साठवता येते. कोणताही मार्ग घ्या, पण "मला चालत नाही" एवढे म्हणून तयारीच न करणे योग्य नव्हे. उंट बांधून मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

संघटनांनी एक टेबल लावावे

आपल्या यंत्रमाग संघटना आणि व्यापारी मंडळे वीजदर आणि सुताच्या भावावर मोर्चे काढतात, ते योग्यच आहे. त्यांनी महिन्यातून एक दिवस एक टेबलही लावावे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तो दिवस बरा. टेबलावर दोन शिकलेली मुले बसवावीत. त्यांनी सत्तरीच्या बुजुर्गांची आयुष्मान कार्डे काढून द्यावीत, लोकांच्या पॉलिसी वाचून वरच्या चार ओळी त्यांना समजावून सांगाव्यात, आणि नाकारलेल्या क्लेमचे अर्ज लिहून द्यावेत. एजंटला त्या टेबलाजवळ बसू देऊ नये. याला फार पैसा लागत नाही. एका घराचे माग विकण्यापासून वाचले, तरी वर्षाचा खर्च निघाला.

वाचकांना माझी विनंती एवढीच. या आठवड्यात कपाटातून पॉलिसी काढा आणि रक्कम किती, नावे कोणाची, तारीख कोणती ते पाहा. सत्तरीच्या वरचे कोणी घरात असेल तर त्यांचे कार्ड काढा. आणि तुमचे स्वतःचे वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर सुपर टॉप-अपचे दोन-तीन कंपन्यांचे भाव मागवा. सूत घेताना आपण तीन ठिकाणी भाव विचारतोच.